माझ्यापेक्षा कितीतरी अधिक अनुभव असलेल्या उमेदवाराची मुलाखत मी कशी घ्यावी?

रबाळेकर लिहितात:

नमस्कार. मी रबाळे एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यात युटिलिटी विभाग सांभाळते. बॉयलर, चिलर, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेस्ड एअर आणि पाण्यातला क्षारांचा जडपणा काढणारा सॉफ्टनर एवढा पसारा माझ्याकडे आहे. आमचे युटिलिटी इनचार्ज लवकरच निवृत्त होत असून त्यांच्या जागी नवीन माणूस घ्यायचा आहे. हा माणूस माझ्या हाताखाली काम करील, त्यामुळे तांत्रिक मुलाखत मीच घ्यावी, असे व्यवस्थापनाने सांगितले आहे.

अडचण अशी की आलेल्या अर्जांपैकी बहुतेक उमेदवारांचा अनुभव वीस-पंचवीस वर्षांचा आहे आणि माझा जेमतेम सहा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जे जुने कारखाने बंद पडले किंवा बाहेर गेले, तिथली ही माणसे आहेत. त्यांनी जेवढे बॉयलर उघडून पाहिले असतील तेवढे मी बाहेरूनही पाहिलेले नाहीत. अशा माणसाला मी काय विचारणार, आणि त्याने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे मला कसे कळणार? पुस्तकातले प्रश्न विचारले तर तो मनात हसेल; अवघड प्रश्न शोधून काढले तर उत्तर पडताळून पाहण्याची माझीच ऐपत नसेल.

दुसरे म्हणजे वयाचा प्रश्न. वडिलांच्या वयाच्या माणसासमोर बसून त्याची परीक्षा घेणे मला जड जाते. माझ्यासारख्या वयाने लहान आणि त्यातही स्त्री असलेल्या वरिष्ठाचे तो ऐकेल का, हे जाणून घेणे तर आवश्यक आहे. पण ते सरळ विचारावे की नाही, हे समजत नाही. ज्यांनी अशा मुलाखती घेतल्या किंवा दिल्या आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

खारघरचे निवृत्त व्यवस्थापक लिहितात:

आपण प्रश्न भलत्या टोकाने धरला आहे, असे मला वाटते. या माणसाला बॉयलर समजतो की नाही, हे ठरवण्याचे काम आपले नाही. बॉयलर अटेंडंट म्हणून किंवा बॉयलर ऑपरेशन इंजिनियर म्हणून त्याची परीक्षा शासनाने घेतलेली आहे आणि त्याचे प्रमाणपत्र त्याच्यापाशी आहे. ते खरे आहे एवढी खात्री कार्मिक विभागाने करून घ्यावी. आपण ठरवायचे आहे ते इतकेच की हा माणूस आपला बॉयलर, आपल्या पाण्यावर, आपल्या इंधनावर आणि आपल्या अटेंडंटांना घेऊन नीट चालवील की नाही. आणि त्या एका बॉयलरबद्दल त्या खोलीत आपल्याइतकी माहिती दुसऱ्या कोणालाही नसते, समोरच्याची नोकरी तीस वर्षांची झालेली असली तरी.

म्हणून माझी पद्धत सांगतो. तळोज्याच्या कारखान्यात असताना मी प्रश्नपत्रिका कधी काढली नाही. मी आमच्याच बॉयलरची लॉगशीट, म्हणजे रोजच्या रीडिंगच्या नोंदींचा तक्ता, पुढे ठेवत असे. ज्या काळात काहीतरी बिघडत गेले आणि पुढे त्याचे कारण सापडले, अशा पाच-सहा आठवड्यांच्या शीट निवडाव्यात, त्यांवरची नावे झाकून झेरॉक्स काढावी, उमेदवाराला पेन्सिल द्यावी आणि पंधरा-वीस मिनिटे एकटे सोडावे. परत आल्यावर एवढेच विचारावे, ‘यात आपल्याला काय दिसते, आणि आणखी काय पाहायला आवडेल?’

समजा, त्या शीटमध्ये वाफेचा दाब तोच आहे, लोड तोच आहे, पण चिमणीतून जाणाऱ्या धुराचे तापमान १९० अंशांवरून हळूहळू २३० वर गेले आहे. उथळ माणूस लगेच म्हणेल, ‘ट्यूब साफ करा.’ चांगला माणूस आधी प्रश्न विचारील. इंधन कोणते आहे, ब्रिकेट (भुसा वगैरे दाबून केलेल्या विटा) असेल तर राख किती पडते, ट्यूब शेवटच्या कधी घासल्या, घासल्यानंतर तापमान खाली आले होते का, हवेचा पुरवठा कोणी वाढवला आहे का, आणि ज्या थर्मामीटरवर हा आकडा दिसतो तो कधी तपासला होता. ट्यूब घासल्यावर तापमान उतरून पुन्हा चढत असेल तर दोष काजळीचा. घासूनही ते उतरत नसेल तर पाण्याच्या बाजूने क्षार बसला आहे आणि मग सॉफ्टनरकडे पाहायला हवे. तापमानाने एका दिवसात उडी मारली असती तर गोष्ट वेगळी, कारण मग धूर आपला पूर्ण मार्ग न घेता मधूनच कुठेतरी पळतो आहे, असा संशय घ्यावा लागतो. हे सगळे त्याने सांगितलेच पाहिजे असे नाही. पण त्याच्या प्रश्नांचा क्रम पाहून त्याचे डोके कसे चालते, हे आपल्याला स्पष्ट दिसते.

आमच्या एका शीटमध्ये सॉफ्टनरच्या पाण्याच्या हार्डनेसच्या (जडपणाच्या) रकान्यात रोज ‘२’ हाच आकडा होता, तिन्ही पाळ्यांत, रविवारीही. बरेच उमेदवार त्या रकान्यावरून पुढे गेले, कारण दोन म्हणजे उत्तम पाणी. एका गृहस्थांनी मात्र त्यावर पेन्सिलीने गोल केला आणि विचारले, ‘ही टेस्ट खरोखर होते का, की आकडा बसून भरला जातो?’ त्यांची निवड त्या गोलावर झाली, असे म्हणायला हरकत नाही. चिमणीचे तापमान साधारण बावीस अंशांनी वाढले की इंधन एक टक्का वाया जाते, हा हिशेब या क्षेत्रातल्या बहुतेकांना पाठ असतो. तो आपल्या कारखान्याच्या इंधनाच्या बिलावर लावून महिन्याचे नुकसान रुपयांत सांगणारा माणूस मात्र क्वचित भेटतो आणि भेटला तर त्याला सोडू नये.

या पद्धतीचा आपल्याला होणारा फायदा असा की उत्तर पडताळून पाहण्याची चिंता उरत नाही. त्या पाच आठवड्यांत प्रत्यक्ष काय घडले, हे आपल्याला ठाऊकच असते. त्याने आपल्यालाही न सुचलेले काही दाखवले तर ते लिहून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी प्लांटवर जाऊन तपासावे.

त्याने असे काही सांगितले की जे आपल्याला मुळीच माहीत नाही, तर सरळ म्हणावे, ‘हे मला ठाऊक नाही, आमच्या नव्या अटेंडंटला समजावल्यासारखे सांगा.’ इनचार्जला हे काम रोजच करायचे असते, त्यामुळे ही मागणी मुलाखतीत मुळीच अस्थानी नाही. समजावून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: ‘आपले हे निदान चुकीचे असेल तर ते कोणत्या रीडिंगवरून कळेल?’ ज्याला विषय कळला आहे तो क्षणभर थांबतो आणि एखादे रीडिंग सांगतो. ज्याने नुसते ऐकीव सांगितले आहे तो आवाज चढवतो, किंवा ‘माझा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे’ या वाक्यावर येतो.

---

वाशीहून, मनुष्यबळ विभाग:

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यात मुलाखतीच्या रचनेबद्दल थोडी भर घालते, कारण माझ्या पाहण्यात अशा मुलाखती ज्ञान कमी पडल्यामुळे फारशा फसत नाहीत, त्या हातातून निसटल्यामुळे फसतात.

पहिली गोष्ट अशी की अनुभवाची वर्षे पाहून दबून जाण्याचे कारण नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला होता. पुढे माणूस प्रत्यक्ष काम कसे करतो याच्याशी कोणत्या गोष्टीचा किती सहसंबंध आहे, हे त्यात मांडले होते (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण). ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा सहसंबंध ०.५१, गप्पांच्या ओघात चालणाऱ्या मुलाखतीचा ०.३८ आणि अनुभवाच्या वर्षांचा केवळ ०.१८ निघाला. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे हिशेब पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेक आकडे खाली आले. पण ठरीव मुलाखत ०.४२ वर राहून यादीत सर्वांच्या पुढे गेली. याचा अर्थ अनुभव निरुपयोगी आहे असा अजिबात नाही. वर्षे मोजून तो समजत नाही, एवढाच आहे.

ठरीव मुलाखत म्हणजे प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण. डॅनियल कानेमन यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले; पण १९५५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इस्रायली सैन्यात त्यांच्यावर भरतीच्या मुलाखती सुधारण्याचे काम आले होते. त्यांनी सहा गुणविशेष ठरवले, प्रत्येकासाठी वस्तुस्थितीवर आधारलेले प्रश्न काढले आणि एका गुणविशेषाचे गुण मांडून झाल्याशिवाय पुढच्याकडे जायचे नाही, असा नियम घातला. मुलाखत घेणारी तरुण मंडळी नाराज झाली, आपली समज वापरायला जागाच उरली नाही, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा त्यांनी मुभा दिली की सगळे गुण मांडून झाल्यावर डोळे मिटावेत आणि हा शिपाई कसा निघेल, याचा आपल्या मनातला एक आकडा लिहावा. नंतर पडताळा घेतला तेव्हा नवी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा बरीच सरस ठरली, आणि तो मनातला आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. मात्र तो शेवटी लिहिलेला होता, आधी नव्हे. आपल्या बाबतीत हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्येष्ठ उमेदवार दारातून आत येतो, खुर्चीत स्थिरावतो, दोन जुन्या मोठ्या प्रकल्पांची नावे घेतो आणि आपला मनातला आकडा तिथेच ठरून जातो. पुढचा पाऊण तास आपण त्या आकड्याला पुरावे गोळा करत बसतो.

दुसरा धोका व्याख्यानाचा. अनुभवी माणसाला ऐकणारा चांगला मिळाला की तो खुलतो, आणि वयाने लहान मुलाखतकार संकोचाने त्याला थांबवत नाही. पन्नास मिनिटांनी लक्षात येते की आपण एकच प्रश्न विचारला. थांबवण्याचे एक वाक्य आधीच तयार ठेवावे. मी साधारण असे म्हणते, ‘साहेब, हे सविस्तर ऐकायला मला आवडेल, पण सर्वांना सारखा वेळ द्यायचा आहे, म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळते.’ याचा राग आलेला मी अजून कोणी पाहिला नाही. याच्या उलटही घडते: आपण लहान दिसू नये म्हणून मुलाखतकार उगाच कडक होतो, एखादे अडगळीतले सूत्र विचारतो आणि समोरच्याला ते आठवले नाही की मनोमन सुखावतो. त्यातून उमेदवाराबद्दल काहीही कळत नाही, आपल्याबद्दल मात्र त्याला पुष्कळ कळते.

प्रश्न ‘काय करावे’ असे नसावेत, ‘काय केलेत’ असे असावेत. गेज ग्लासमध्ये, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसत नसेल तर काय करावे, हे पुस्तक वाचलेला कोणीही सांगेल.

---

खारघरचे निवृत्त व्यवस्थापक:

या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा. पाणी दिसेनासे झाले की आधी आग थांबवायची, ग्लासमधले पाणी-वाफ बाहेर सोडून पातळी खरोखर खाली गेली आहे का ते पाहायचे, आणि गेली असेल तर तापलेल्या ट्यूबवर घाईने पाणी सोडायचे नाही, हे पाठ उत्तर सगळे देतात. मी विचारत असे, ‘आपल्या पाळीत हे कधी घडले? ड्युटीवर कोण होते? उत्पादनवाले वाफेसाठी फोन करत होते का? लॉगबुकात काय लिहिलेत?’ ज्याने ते भोगले आहे त्याच्या बोलण्यात रात्रीची वेळ येते, फोनवर ओरडणारा माणूस येतो, आणि बॉयलर बंद ठेवल्याबद्दल दुसऱ्या दिवशी खाल्लेली बोलणीही येतात. असे तपशील ऐनवेळी रचता येत नाहीत.

---

ठाणे पूर्वेहून एक उमेदवार:

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. वय बावन्न. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात बरीच वर्षे काढली, तो बंद झाला आणि गेल्या काही महिन्यांत माझ्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी लहान असलेल्या मुलामुलींसमोर मुलाखती दिल्या. आपण समजता तेवढे हे आम्हाला लागत नाही. समोरचा लहान आहे, हे आम्ही घरून निघतानाच गृहीत धरलेले असते. लागतात त्या वेगळ्याच गोष्टी.

‘एवढा अनुभव असताना आपण या जागेसाठी का आलात?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी विचारला गेला, आणि विचारण्याच्या सुरावरून कळत होते की ही चौकशी नसून संशय आहे. हा माणूस चार महिन्यांत पळेल, असे त्यांच्या मनात असते. याबाबतीत साधा व्यवहार पाहावा. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण दराने सुरू होते. त्याआधी घेतली तर ती कापून मिळते. बावन्नाव्या वर्षी नोकरी शोधणाऱ्याला ही सहा वर्षे एका जागी, घरापासून लोकलने जाता येईल अशा अंतरावर, शांतपणे काढायची असतात. मी ठाण्याहून रबाळ्याला ट्रान्सहार्बर लोकलने पोहोचेन आणि संध्याकाळी वेळेवर घरी येईन, यापलीकडे माझी महत्त्वाकांक्षा उरलेली नाही, आणि ती आपल्या सोयीचीच आहे. पळणार तो अठ्ठावीस वर्षांचा; त्याला ऐरोलीच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती खुणावत असतात आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका कार्यालयात एका तरुणाने मला सुरुवातीलाच ‘काका, बसा ना’ म्हटले. त्याच्या मनात आपुलकीच होती. पण त्या क्षणी मी उमेदवार उरलो नाही, त्याच्या सोसायटीतला कोणी वडीलधारा झालो. आणि मग त्याला मला अवघड काही विचारता येईना व मला पगाराचे बोलता येईना. आडनावापुढे ‘साहेब’ किंवा ‘सर’ लावावे, तेवढा मान पुरतो. प्लांटवर रुजू झाल्यावर मुले काका म्हणोत की मामा, तिथे ते शोभते.

माझी जी मुलाखत सर्वांत चांगली झाली ती घेणारी मुलगी माझ्या मुलीएवढी होती. तिने पहिली दहा मिनिटे स्वतःच बोलून घालवली. प्लांटमध्ये यंत्रे कोणती, कोणते यंत्र सतत त्रास देते, मला कोणाच्या हाताखाली काम करायचे आहे, पगाराची मर्यादा कुठपर्यंत आहे, हे सगळे तिने आधीच मोकळेपणाने सांगितले. मग म्हणाली, ‘आता आपल्याला यात काय विचारावेसे वाटते?’ मी विचारत गेलो आणि ती लिहीत गेली. बाहेर पडल्यावर लक्षात आले की माझी परीक्षा झाली होती ती माझ्या प्रश्नांवरून. ती जागा अंतर्गत बढतीने भरली गेली, तो भाग निराळा.

---

ऐरोलीहून, सॉफ्टवेअर क्षेत्र:

क्षेत्र वेगळे असले तरी अडचण हीच आहे; आमच्याकडे तर तिशीतला प्रमुख आणि पंचेचाळिशीचा उमेदवार ही नित्याची गोष्ट आहे. लॉगशीटच्या पद्धतीबद्दल मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. आमच्याकडे काही ठिकाणी उमेदवारांपुढे कंपनीची चालू, न सुटलेली अडचण ठेवली जाते, चार अनुभवी माणसे चार उपाय सांगून जातात आणि जागा मात्र भरली जात नाही. फुकटात सल्ला घेतल्याची ही भावना ज्येष्ठ उमेदवारांमध्ये फार तीव्र असते, कारण त्यांचा सल्ला खरोखर मोलाचा असतो. शिवाय कारखान्याची कागदपत्रे बाहेरच्या माणसाला दाखवणे कितपत योग्य, हाही प्रश्न आहे.

वयाने लहान वरिष्ठाचे ऐकणार का, हे सरळ विचारण्यात काही अर्थ नाही. त्याला ‘नाही’ असे उत्तर देणारा माणूस अद्याप जन्मलेला नाही. त्याऐवजी मी विचारतो, ‘आपले म्हणणे बरोबर होते, तरी वरिष्ठांनी ते मानले नाही, असा एखादा प्रसंग सांगा. त्यानंतर आपण काय केलेत?’ काही जण मनाविरुद्धचा निर्णयही नीट राबवून, धोका कुठे आहे ते लेखी कळवून ठेवतात. काही जण ‘मी सांगितले होते’ म्हणण्यासाठी काम बिघडण्याची वाट पाहतात. दोघेही आपापली गोष्ट अभिमानानेच सांगतात, त्यामुळे लपवालपवी होत नाही.

---

खारघरचे निवृत्त व्यवस्थापक:

आक्षेप मान्य, म्हणूनच मी ‘पुढे कारण सापडले’ अशाच काळाच्या शीट घ्याव्यात असे लिहिले होते. सुटलेल्या अडचणीवर फुकट सल्ला कसला घेणार? उमेदवाराचे उत्तर देऊन झाले की प्रत्यक्षात काय निघाले ते त्याला सांगावे. त्यालाही बरे वाटते आणि आपल्याला त्याची प्रतिक्रिया पाहायला मिळते. गुप्ततेबद्दल म्हणाल, तर बॉयलरच्या तापमान-दाबात गुपित असे काही नसते. उत्पादनाचे, बॅचचे आणि ग्राहकाचे रकाने कापून टाकावेत. ती शीट खोलीबाहेर जाऊ देऊ नये.

---

रबाळेकर:

सर्वांचे मनापासून आभार. लॉगशीटची कल्पना मी घेणार आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे चिमणीचे तापमान असेच चढत गेले होते आणि शेवटी सॉफ्टनरचे रेझिन (पाण्यातला जडपणा शोषणारे दाणे) निकामी झालेले निघाले, त्या आठवड्यांच्या शीट माझ्यापाशी आहेत. ठाणे पूर्वेच्या सरांचा प्रतिसाद वाचून माझ्या प्रश्नावलीतला ‘या जागेसाठी का आलात’ हा प्रश्न मी काढून टाकला आहे.

आणखी दोन शंका आहेत. मुलाखतीला आमचे कार्मिक अधिकारी बसतील. ते पन्नाशीचे आहेत. मागे एका जागेसाठी असे झाले की प्रश्न मी विचारत होते आणि उमेदवार उत्तर त्यांच्याकडे पाहून देत होता. याला किती महत्त्व द्यावे? शिवाय मालकांनाही थोडा वेळ बसायचे आहे, आणि ते आले की संभाषण त्यांच्याशीच सुरू होते.

---

वाशीहून, मनुष्यबळ विभाग:

कार्मिक अधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे की तांत्रिक भागात त्यांनी मान वर न करता टिपणे घ्यावीत. उमेदवाराला नजर मिळाली नाही की तो आपोआप आपल्याकडे वळतो. पहिल्या दोन उत्तरांवरून मत बनवू नये. वयाने मोठ्या दिसणाऱ्या व्यक्तीकडे पाहून बोलणे ही कित्येकांची निव्वळ सवय असते. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे, ‘ही जागा माझ्या विभागात आहे आणि रोजचा अहवाल मला द्यायचा आहे.’ हे ऐकल्यावरही जो तिसरे-चौथे उत्तर शेजाऱ्यालाच देत राहतो, त्याची नोंद मात्र जरूर करावी, आणि ती शिष्टाचाराच्या नव्हे तर कामाच्या रकान्यात करावी. रात्री अडीच वाजता बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, तर हा माणूस आपल्याला फोन करील की आपल्याला वगळून थेट वर जाईल, हे त्यातून दिसते.

मालकांना शेवटची दहा मिनिटे द्यावीत आणि आपले गुण त्याआधी कागदावर लिहून झालेले असावेत. ते आधी येऊन बसले तर मुलाखत त्यांची होते, यावर दुसरा इलाज मला माहीत नाही.

---

खारघरचे निवृत्त व्यवस्थापक:

एक गोष्ट राहिली. उमेदवाराला बॉयलर हाउसमध्ये नेऊन आणावे, आणि शक्य असेल तर ती वेळ पाळी बदलण्याच्या सुमाराची, दुपारी पावणेतीन-तीनची ठेवावी, म्हणजे दोन्ही पाळ्यांचे अटेंडंट तिथे असतात. आपण दोन पावले मागे राहावे. तो सरळ पॅनेलकडे जातो की आधी अटेंडंटशी बोलतो, बोलतो तर काय विचारतो, ब्लोडाउन (बॉयलरमधले क्षार साठलेले पाणी बाहेर सोडणे) किती वेळा देता हे विचारताना त्याचा सूर शिकवण्याचा आहे की उलटतपासणीचा, हे आपल्याला खोलीत बसून कधीच कळणार नाही. तो गेल्यावर आपल्या अटेंडंटला विचारावे, माणूस कसा वाटला. त्यांना मत विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही, पण ते पुढे रोज आठ तास याच माणसाबरोबर राहणार असतात.

---

रबाळेकर:

हे सहज जमण्यासारखे आहे, मुलाखती दुपारीच ठेवते. ज्यांना नकार द्यायचा त्यांना कसे कळवावे? आमच्याकडे निवड झाली नाही तर बहुधा काहीच कळवत नाहीत.

---

ठाणे पूर्वेहून एक उमेदवार:

आपण स्वतः फोन करावा, दोन मिनिटांचा. कारण सांगता आले तर सांगावे, उदाहरणार्थ ‘ब्रिकेटच्या बॉयलरवर काम केलेला माणूस मिळाला’. इतके पुरते. फोन आला नाही तर आम्ही तीन-चार आठवडे दुसरीकडे हो म्हणायचे टाळत बसतो, आणि त्यात एखादी हातची जागा जाते. या व्यवसायात लोक एकमेकांना ओळखतात. उद्या आपल्याला बॉयलरच्या वार्षिक तपासणीच्या तयारीसाठी पंधरा दिवस जाणता माणूस लागला, तर ज्याला आज फोन केलात तो येईल.